पिटुकलीचं खोबरं आणि थरथरती गाडी

एक गाडी होती. पांढरी. गाडीला चाकं चार, आरसे तीन, आणि पुढे एक सीट. सीटखाली इंजिन. हो, सीटखालीच. काही गाड्यांचं तिथेच असतं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

इंजिनाच्या मागे एक भोक होतं. भोकात पिटुकली राहायची.

पिटुकली म्हणजे उंदरीण. अंगठ्याएवढी. शेपूट धरली तर दोन अंगठ्यांएवढी. तिच्या घरात एक चिंधी होती. एक बटण होतं. आणि आल्याचा एक तुकडा होता, भाजीच्या पिशवीतून पडलेला. पिटुकलीने तो चाखून बघितला होता. तिखट लागला. पण मिळालेली वस्तू पिटुकली टाकत नसे. आलं तिने उशाला घेतलं होतं.

आणि पिटुकलीला दात होते. दोन वर, दोन खाली. ते सारखे शिवशिवायचे. परवाच तिने एक काळी दोरी कुरतडली. कुटुकुटु, कुटुकुटु. दोरीला चवच नव्हती. पिटुकलीने नाक मुरडलं आणि विसरून गेली.

तू मात्र विसरू नको.

गाडी होती केरबानानांची. नाना बाजारातून भाजी आणायचे, गावात विकायचे. काल होता दसरा. नानांनी गाडी धुतली. झेंडूची माळ घातली. गाडीपुढे नारळ फोडला. टाक्! खोबऱ्याचा एक तुकडा उडाला तो थेट गाडीत. तो पिटुकलीने उचलला.

आता बघ, या गाडीपुढे नारळ वर्षातून एकदा फुटतो. म्हणजे खोबरं वर्षातून एकदा. म्हणून पिटुकलीने ते काल खाल्लं नाही. काल नुसता वास घेतला. आज सकाळी ती खोबरं घेऊन वर चढली, सीटच्या पाठीवर बसली, आणि एक चावा घेतला. एकच.

तेवढ्यात नाना आले. किल्ली फिरवली. चढ लागला. नानांनी पाय दाबला.

धक्, धक्, फुस्स. धक्, धक्, फुस्स.

थर थर थर. थर थर थर.

आरसा थरथरला. माळ थरथरली. नानांची टोपी थरथरली. पिटुकलीच्या हातातलं खोबरं थरथरलं, आणि सुटलं.

टुण्. टुण्. टुण्.

गेलं सीटखाली. पत्र्यात अडकलं. पिटुकलीने खालून ओढलं, वरून ढकललं. खोबरं हलेना.

नानांनी गाडी उलटी वळवली आणि चढाच्या पायथ्याशी, हौसाक्काच्या चहाच्या टपरीसमोर उभी केली.

"नजर लागली गाडीला," नाना म्हणाले. मग त्यांनी गाडीला पुढून एक लिंबू बांधलं आणि सात मिरच्या बांधल्या. आधीची तीन लिंबं होतीच. गाडी परवापासून थरथरत होती.

पिटुकली सीटकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सीटबाई सीटबाई, माझं खोबरं दे.
आता मी खाऊ काय?"

सीट म्हणाली, "मी नाही देत. आज दिलं तर उद्या परत पडेल. गाडीला सांग, थरथरू नको. मग देते."

पिटुकली गाडीकडे गेली. म्हणजे गाडीतच होती, पण बाहेर येऊन दिव्यांसमोर उभी राहिली. बोलायचं तर तोंडासमोर बोलावं.

"गाडीताई गाडीताई, थरथरू नको.
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

गाडी म्हणाली, "मी नाही थांबत. मला काय हौस आहे थरथरायची? इंजिन थरथरतं, म्हणून मी थरथरते. इंजिनाला सांग, नीट चाल. मग थांबते."

पिटुकली इंजिनाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. इंजिन गरम होतं. पिटुकली एका पायावर उभी राहिली. मग दुसऱ्या पायावर.

"इंजिनदादा इंजिनदादा, नीट चाल.
गाडी थरथरायची थांबत नाही,
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

इंजिन म्हणालं, "मी नाही चालत. आम्ही आत तिघे भाऊ. दोघे ओढतात, तिसरा बसून राहतो. धक्, धक्, फुस्स. तो फुस्स म्हणजे तिसरा. सपाटीला कसंबसं चालतं. चढाला नानांनी पाय दाबला, की आमचे हाल. तिसऱ्याच्या डोक्यावर प्लग आहे. प्लगला सांग, ठिणगी पाड. मग नीट चालतो."

पिटुकली प्लगकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. प्लग म्हणजे एवढासा. पांढरा गळा, लोखंडी पाय. चेहरा काही आनंदी नव्हता.

"प्लगभाऊ प्लगभाऊ, ठिणगी पाड.
इंजिन नीट चालत नाही,
गाडी थरथरायची थांबत नाही,
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

प्लग म्हणाला, "मी नाही पाडत. माझ्यापर्यंत वीजच येत नाही. दोन दिवस वाट बघतोय. का येत नाही, ते मला इथून दिसत नाही. इलाहीचाचांना सांग, येऊन बघा. मग पाडतो."

इलाहीचाचा म्हणजे मिस्त्री. गाड्या दुरुस्त करणारे. त्यांचं गॅरेज टपरीच्या शेजारीच. चाचा एका जुन्या टायरवर बसले होते. हातात काही नव्हतं. तोंडात काही नव्हतं. समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

पिटुकली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. टायरवर चढली. घसरली. परत चढली.

"चाचा चाचा, येऊन बघा.
प्लग ठिणगी पाडत नाही,
इंजिन नीट चालत नाही,
गाडी थरथरायची थांबत नाही,
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

चाचा म्हणाले, "मी न्हाई उठत. सकाळचा चहा पोटात पडल्याबिगर माझ्या हातात पाना बसत न्हाई. हौसाक्काला सांग, चहा कर. मग उठतो."

आणि परत रस्त्याकडे बघायला लागले.

पिटुकली टपरीवर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. हौसाक्का स्टोव्हपाशी उभी होती. दूध होतं. साखर होती. चहाची पूड होती. पातेलं मात्र उपडं होतं.

"आक्का आक्का, चहा कर.
चाचा जागचे उठत नाहीत,
प्लग ठिणगी पाडत नाही,
इंजिन नीट चालत नाही,
गाडी थरथरायची थांबत नाही,
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

हौसाक्का म्हणाली, "मी न्हाई करत. आलं संपलंय. बिनआल्याचा चहा ह्या टपरीवर कवा झाला न्हाई, आज बी व्हायचा न्हाई. केरबानानाला सांग, बाजारला जा, आलं आन. मग करते."

पिटुकली नानांकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले होते. पाय चार असले की चौपट दुखतात. नाना गाडीसमोर वाकले होते. पाचवं लिंबू बांधत होते.

"नाना नाना, बाजारला जा.
आक्का चहा करत नाही,
चाचा जागचे उठत नाहीत,
प्लग ठिणगी पाडत नाही,
इंजिन नीट चालत नाही,
गाडी थरथरायची थांबत नाही,
सीट खोबरं देत नाही,
आता मी खाऊ काय?"

नाना म्हणाले, "मी न्हाई जात. बाजार चढाच्या पल्याड. गाडी थरथरती. असली गाडी घेऊन चढाला कोन जाईल? गाडीला सांग, थरथरू नको. मग जातो."

"पण नाना, प्लगपर्यंत वीज येत नाही."

"नजर हाय ती," नाना म्हणाले, आणि गाठ घट्ट केली.

पिटुकली परत गाडीच्या तोंडासमोर उभी राहिली. मोठा श्वास घेतला. यादी आता लांब झाली होती.

"गाडीताई गाडीताई, थरथरू नको.
नाना बाजारला जात नाहीत,
आक्का चहा करत नाही,
चाचा जागचे उठत नाहीत,
प्लग ठिणगी पाडत नाही,
इंजिन नीट चालत नाही,
गाडी थरथरायची..."

पिटुकली थांबली.

"गाडी म्हणजे मीच," गाडी म्हणाली.

"हो," पिटुकली म्हणाली.

"मी तुला मगाशीच सांगितलं. इंजिनाला सांग."

"सांगितलं."

"मग?"

मग काय. इंजिन म्हणतं प्लगला सांग. प्लग म्हणतो चाचांना सांग. चाचा म्हणतात आक्काला सांग. आक्का म्हणते नानांना सांग. नाना म्हणतात गाडीला सांग. आणि गाडी म्हणते इंजिनाला सांग. पिटुकली जिथून निघाली होती, फिरून तिथंच आली होती.

चाचा रस्त्याकडे बघत होते. आक्काचं पातेलं उपडं होतं. नाना लिंबांकडे बघत होते. कुणीच हलत नव्हतं.

पिटुकलीला फार वाईट वाटलं. वर्षाचं खोबरं, आणि खाल्लं किती, तर एक चावा. तिला रडू आलं. दोन थेंब आलं. उंदरांना तेवढंच येतं, पण ते सगळं खरं असतं.

ती आपल्या भोकात गेली. चिंधी पांघरली. उशीवर डोकं ठेवलं.

नाक चुरचुरलं.

पिटुकलीने डोकं उचललं. उशीचा वास घेतला. परत घेतला.

उशी म्हणजे आलं.

पिटुकली उठून बसली. उशी चांगली होती. तिला मधोमध खळगा पडला होता, बरोबर पिटुकलीच्या डोक्याएवढा. अशी उशी परत मिळत नाही. पिटुकलीने उशीकडे बघितलं. मग सीटकडे बघितलं. मग उशी तोंडात धरली आणि निघाली. तुरु. तुरु. तुरु. आलं जड होतं.

टपरीवर येऊन तिने ते आक्काच्या पायाशी ठेवलं.

हौसाक्काने आलं उचललं. धुतलं. नीट बघितलं. परत धुतलं.

"ह्याला खळगा कशानं पडला?" आक्काने विचारलं.

"डोक्याने," पिटुकली म्हणाली.

हौसाक्काने आलं तिसऱ्यांदा धुतलं. मग ठेचलं. ठक् ठक् ठक्. पातेलं सुलटं झालं. चहा उकळला. खदखद, खदखद.

आक्काने चहा केला. चाचांनी चहा प्यायला. सुर्र. सुर्र. सुर्र. कप खाली ठेवला. आणि चाचा जागचे उठले.

पाना हातात बसला. चाचा गाडीपाशी आले.

"नाना, गाडी कवा थरथरती?"

"पाय दाबला की."

"उभी असताना?"

"जराशी."

"चढाला?"

"लई. टोपी पडती."

"मग चाकात काई न्हाई," चाचा म्हणाले. "इंजिनात बघतो."

"बघायचं तर बघ," नाना म्हणाले. "नजर हाय ती."

इंजिन कुठे होतं? सीटखाली. मग आधी काय उचलायला पाहिजे? बरोबर.

चाचांनी सीट उचलली. खटक्.

टुण्. खोबरं खाली पडलं.

पिटुकली धावली. पण चाचांचा हात लांब. त्यांनी खोबरं दोन बोटांत धरलं, फिरवून बघितलं, आणि वर पत्र्यावर ठेवून दिलं.

"माझं आहे ते," पिटुकली म्हणाली.

"असंल. आधी काम."

चाचांनी गाडी चालू केली. धक्, धक्, फुस्स. मग ते कान देऊन ऐकायला लागले. प्रत्येक भावाच्या डोक्यावर एक प्लग, आणि प्रत्येक प्लगला एक काळी वायर. वायरीतून वीज येते. चाचांनी पहिल्या भावाची वायर काढली. आवाज पडला. म्हणजे पहिला काम करत होता. वायर परत लावली. दुसऱ्याची काढली. आवाज पडला. म्हणजे दुसरा पण काम करत होता. वायर परत लावली. तिसऱ्याची काढली.

आवाज तसाच.

"ह्यो झोपलाय," चाचा म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली. तिसरी वायर उजेडात धरली.

वायर काळी होती. लांब होती. आणि मधेच कुरतडलेली होती. दोन खुणा वर, दोन खुणा खाली.

आठवलं तुला? पिटुकलीलापण आठवलं.

चाचांनी एका हातात वायर घेतली. दुसऱ्या हातात खोबरं घेतलं. खोबऱ्यावर एक चावा होता. दोन खुणा वर, दोन खुणा खाली. चाचांनी खोबरं वायरीशेजारी धरलं. वायर खोबऱ्याशेजारी धरली.

"खोबरं कुनाचं?" चाचांनी विचारलं.

"माझं," पिटुकली म्हणाली.

"आनि हे कुनी खाल्लं?"

पिटुकलीने भोकाकडे बघितलं. भोक जवळ होतं. पळता आलं असतं. पण मग खोबरं गेलं असतं, आणि परत चाचांना तोंड दाखवता आलं नसतं. पिटुकलीचे कान गरम झाले. तिने शेपूट पायांत घेतली.

"तेही मीच," ती म्हणाली. "दोरी वाटली. चव नव्हती."

"असनार कशी? वायर हाय ती."

"हो."

"परत खानार?"

"वायर नाही खाणार."

"आनि दोरी?"

पिटुकलीने विचार केला. दात शिवशिवत होते. खोटं कशाला बोलायचं?

"दोरी खाणार," ती म्हणाली.

"दोरी खा," चाचा म्हणाले. त्यांनी गॅरेजातून नवी वायर आणली आणि बसवली. कट्. मग सीट खाली केली, आणि नानांनी किल्ली फिरवली.

धक्, धक्, धक्. धक्, धक्, धक्.

चाचांनी वायर बसवली,
प्लगने ठिणगी पाडली,
इंजिन नीट चाललं,
गाडी थरथरायची थांबली,
सीट म्हणाली, "द्या तिचं तिला."

चाचांनी खोबरं पिटुकलीला दिलं.

आणि नाना बाजारला निघाले. चढ लागला. नानांनी पाय दाबला. आरसा थरथरला नाही. माळ थरथरली नाही. नानांची टोपी डोक्यावर बसून राहिली. गाडी चढली. सुंऽऽ.

पिटुकली सीटच्या पाठीवर बसली होती. तिने दुसरा चावा घेतला. मग तिसरा. मग चौथा. खोबरं कुठेही पडलं नाही. पोटात गेलं.

बाजारात नाना भाजी घ्यायला उतरले. पिटुकलीचे दात परत शिवशिवले. तिने काळ्या वायरीकडे बघितलं. नवी होती. चकचकीत होती. पिटुकलीने मान फिरवली आणि गाडीच्या पुढे गेली. तिथे दोरी होती. चांगली, खरी दोरी. पाच ठिकाणी बांधलेली.

कुटुकुटु. टप्.

कुटुकुटु. टप्.

कुटुकुटु. टप्.

कुटुकुटु. टप्.

कुटुकुटु. टप्.

नाना आले. भाजी ठेवली. आल्याची पिशवी ठेवली. गाडी चालू केली आणि गावाकडे निघाले. चढ चढले, उतार उतरले. धक्, धक्, धक्. टोपी हलली नाही. टपरीसमोर गाडी थांबली.

नानांनी हौसाक्काला आलं दिलं. चाचा टायरवर बसले होते. दुपारच्या चहाची वेळ झाली होती.

"बघितलंस आक्का?" नाना म्हणाले. "पाचवं लिंबू लागू पडलं."

हौसाक्काने गाडीकडे बघितलं. पुढून बघितलं. तिथे झेंडूची माळ होती. लिंबू एकही नव्हतं. मिरची पण नव्हती. चाचांनीपण बघितलं.

हौसाक्काने आलं ठेचलं. ठक् ठक् ठक्. पण आधी एक तुकडा मोडून बाजूला ठेवला. अंगठ्याएवढा. तो तिने गाडीच्या पायरीवर ठेवून दिला आणि चहाकडे वळली.

पिटुकलीने तो घरी नेला. उशाला घेतला. या उशीला अजून खळगा नव्हता. पडेल हळूहळू.

खोबरं पोटात, आलं उशाशी, वायर वायरीच्या जागी. धक्, धक्, धक्. आता तुझी मान तुझ्या उशीवर.